मागच्या दारानं आलेला हक्क

गेल्या हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यात आम्ही शेतमजूर बायकांचा दोन दिवसांचा अभ्यासवर्ग घेतला. विषय होता समान कामाला समान मजुरी. मी माझं नेहमीचं टिपण काढलं. 'युरोपात अनेक देशांनी मिळून एक संघ केला आहे आणि त्याच्या मूळ करारातच बायकांना समान वेतनाची हमी आहे,' असं मी कौतुकानं सांगितलं. निफाडकडच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षं भरणारी एक बाई मागे बसली होती. ती म्हणाली, "ताई, आमची द्राक्षं तिकडंच जातात. पेटीवर नंबर असतो. औषधाचा अंश जास्त निघाला तर कुठल्या बागेतली पेटी ते त्यांना लगेच कळतं. मग ती पेटी भरणाऱ्या बाईला किती मिळाले अन् बाप्याला किती, हे का नाही कळत त्यांना?"

वर्गात हशा पिकला, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं म्हणणं खरंच होतं. २०१० मध्ये औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपनं आपली द्राक्षं नाकारली होती आणि नाशिकचे बागायतदार हवालदिल झाले होते. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद असते, पेटीवरून बाग सापडते. पेटी भरणारी बाई मात्र कुठल्याच नोंदीत नसते.

त्यानंतर मी युरोपीय संघाबद्दल नीट वाचायला घेतलं. आपल्या चळवळीत या विषयावर दोन ठरीव मतं आहेत. एक, युरोपातल्या बायकांना सगळं मिळालं आहे, आपण त्यांचं अनुकरण करावं. दुसरं, तो भांडवलदारांचा क्लब आहे, बायकांना तिथून काय मिळणार! वाचून झाल्यावर मला ही दोन्ही मतं अर्धवट वाटू लागली आहेत.

आधी हा संघ चालतो कसा ते थोडक्यात सांगते, कारण आपल्या हक्कांचं काय झालं ते त्यावाचून कळत नाही. आज संघात २७ देश आहेत. कायद्याचा मसुदा मांडण्याचा अधिकार मुख्यतः ब्रुसेल्समधल्या आयोगाला असतो. मसुदा दोन ठिकाणी मंजूर व्हावा लागतो. एक युरोपीय संसद, तिचे ७२० सभासद लोक थेट निवडून देतात. दुसरी मंत्रिपरिषद, म्हणजे प्रत्येक देशाच्या सरकारचा एकेक मंत्री. परिषदेत बहुतेक विषयांवर २७ पैकी १५ देश आणि संघाच्या लोकसंख्येच्या ६५ टक्के अशी दुहेरी बहुमताची अट आहे. करआकारणी, परराष्ट्र धोरण अशा विषयांवर मात्र एकमत लागतं, म्हणजे एका देशानं नाही म्हटलं की विषय संपला. लक्झेंबर्गला संघाचं न्यायालय आहे. त्याचा निकाल सभासद देशांवर बंधनकारक असतो. संघाचे काही कायदे सगळीकडे जसेच्या तसे लागू होतात. काहींना 'निर्देश' म्हणतात. निर्देश निघाला की ठराविक मुदतीत प्रत्येक देशानं त्याला धरून आपला कायदा करायचा असतो. केला नाही तर आयोग त्या देशाला न्यायालयात खेचू शकतो.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. करारानं जो विषय संघाकडे सोपवला आहे, त्यातच संघाला बोलता येतं. बाजार, व्यापार, स्पर्धा, मालाची आणि मजुरांची ये-जा हे त्याचे हक्काचे विषय. घर, कुटुंब, बाईचं शरीर हे नव्हेत. बायकांचा प्रश्न तिथे न्यायचा तर त्याला बाजाराचा पोशाख चढवावा लागतो. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली तेव्हा बाकीचा इतिहास उलगडत गेला.

२५ मार्च १९५७ ला सहा देशांनी रोममध्ये करार केला. त्यातलं ११९ वं कलम समान कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन सांगत होतं. (आज ते कलम १५७ म्हणून आहे.) ते स्त्रियांच्या कळवळ्यातून आलं नव्हतं. फ्रान्समध्ये समान वेतनाचा कायदा आधीच होता. शेजारच्या देशांतले कारखानदार बायकांना कमी पगार देऊन स्वस्त माल काढतील आणि आपल्या कापडगिरण्या बुडतील, ही फ्रान्सची धास्ती होती. म्हणून ते कलम फ्रान्सनं घालून घेतलं. कारखानदारांच्या आपसातल्या भांडणातून बायकांचा हक्क जन्माला आला. पुढच्या दारानं त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

आणि जन्मला तसा तो कागदावर निपचित पडून राहिला. १९६१ अखेर अंमलबजावणी व्हायची होती. सरकारांनी आपसात ठरवून ती १९६४ अखेरपर्यंत ढकलली. तीही मुदत उलटून गेली. कुणाला दंड नाही, कुणाला जाब नाही. आपल्याकडच्या किमान वेतनाच्या फलकांची आठवण यावी अशीच गत.

त्या कलमात जीव घातला तो बायकांनी. बेल्जियममध्ये लीजजवळ एर्स्ताल नावाचं गाव आहे. तिथल्या शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात हजारो बायका तेलकट, गोंगाटाच्या यंत्रांवर उभ्यानं काम करायच्या. पुरुष कामगारांपेक्षा पगार बराच कमी. १६ फेब्रुवारी १९६६ ला सुमारे ३,००० बायका संपावर गेल्या आणि रोम कराराचं कलम ११९ त्यांनी मागणीला जोडलं. सरकारांनी विसरलेलं कलम संपावरच्या बायकांनी बाहेर काढलं. संप जवळपास १२ आठवडे चालला. शेवटी मागितलेल्या वाढीच्या साधारण निम्मी वाढ हाती पडली. पैशाच्या हिशेबात हा अर्धा विजय. पण त्यानंतर ते कलम झाकून ठेवणं कोणाला शक्य झालं नाही.

याच काळात एलियान व्होगेल-पोल्स्की नावाच्या बेल्जियन वकील बाई म्हणत होत्या की हे कलम सरकारांपुरतं नाही, कोणीही बाई ते घेऊन थेट न्यायालयात जाऊ शकते. त्यांना खटला मिळाला तो गाब्रिएल दफ्रेन या हवाईसुंदरीचा. ती साबेना या बेल्जियन विमान कंपनीत होती. ४० वर्षं पूर्ण होताच, १९६८ मध्ये, करारातल्या अटीप्रमाणे तिची नोकरी संपली. तेच काम करणाऱ्या पुरुषांना ही अट नव्हती. त्यांचा पगार जास्त होता आणि त्यांना विशेष पेन्शन योजना होती, ती हवाईसुंदऱ्यांना नव्हती.

तिचे तीन खटले लक्झेंबर्गपर्यंत गेले. १९७१ मध्ये ती पेन्शनच्या मुद्द्यावर हरली. १९७८ मध्ये ती वयाच्या अटीवर हरली, कारण कलम फक्त वेतनापुरतं आहे असं न्यायालय म्हणालं. मधला, ८ एप्रिल १९७६ चा निकाल तिच्या बाजूनं लागला. न्यायालय म्हणालं की हे कलम थेट लागू आहे, सरकारी नोकरीत आणि खाजगी मालकावरही. आणि ते केवळ स्पर्धेसाठी नाही, त्याला सामाजिक उद्देशही आहे. मात्र ब्रिटन आणि आयर्लंडच्या सरकारांनी खर्चाचा बाऊ केला होता. म्हणून ज्यांनी आधीच दावे लावले होते त्यांना सोडून बाकी कुणालाही मागची थकबाकी मागता येणार नाही, असंही न्यायालयानं ठरवलं. हक्क मान्य, पण १९ वर्षांची उधारी माफ. ही माफी मालकांना मिळाली.

हे वाचताना मला आपल्या मुंबईच्या हवाईसुंदऱ्या आठवल्या. एअर इंडियात त्यांना ३५ व्या वर्षी, नोकरीला लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्या गरोदरपणात घरी जावं लागे. पुरुष पर्सर मात्र ५८ पर्यंत नोकरी करत. नर्गिस मिर्झा आणि इतरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८१ मध्ये गरोदरपणाची अट रद्द केली, पण वयाची आणि लग्नाची अट योग्य ठरवली. आपल्या राज्यघटनेत तर समानता पहिल्यापासून, पुढच्या दारानं आलेली. तरी निकाल हा असा. तेव्हा दार कोणतं हा एकच प्रश्न पुरेसा नाही. आत आल्यावर हक्काला उभं कोण करतं, हेही पाहावं लागतं.

संघाच्या यंत्रणेचा बायकांना फायदा झालाच नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. १९७५ मध्ये समान मोलाच्या कामाला समान वेतनाचा निर्देश निघाला. ब्रिटन तेव्हा सभासद होता (२०२० मध्ये तो बाहेर पडला). त्याच्या कायद्यात समान 'मोलाचं' काम धड बसत नव्हतं. आयोगानं ब्रिटनला न्यायालयात खेचलं, ब्रिटन हरला आणि त्याला कायदा बदलावा लागला. त्या बदललेल्या कायद्याच्या आधारे बर्कनहेडच्या जहाजबांधणी कारखान्यातली स्वयंपाकीण जुली हेवर्ड उभी राहिली. माझं काम रंगारी, सुतार आणि उष्णतारोधक आवरण बसवणाऱ्या कामगाराच्या तोडीचं आहे, असा तिचा दावा होता. १९८८ मध्ये ती ब्रिटनच्या सर्वोच्च पायरीवर जिंकली. स्वयंपाक आणि सुतारकाम एका तराजूत! आपल्याकडे मणी विरळणी 'बायकांचं हलकं काम' आणि फवारणी 'बाप्याचं भारी काम' असं मजुरी ठरवताना म्हणतात. पण दिवसभर मान वर करून, हात उंचावून घड विरळणं हलकं कसं, हे त्या स्वयंपाकिणीसारखं आपणही विचारू शकतो.

पण जिथे विषय पगाराच्या पलीकडे जातो, तिथे हीच यंत्रणा अडखळते. बाळंतपणाची रजा घ्या. १९९२ मध्ये निर्देश आला, किमान १४ आठवडे. तो कोणत्या वाटेनं आला? कामाच्या जागच्या 'आरोग्य आणि सुरक्षितता' या सदराखाली, कारण त्या सदरात बहुमत चालत होतं, एकमत लागत नव्हतं. पोटुशी बाई यंत्राच्या धोक्याशेजारी बसवली तेव्हा कुठे तिला रजा मिळाली. २००८ मध्ये आयोगानं १८ आठवडे सुचवले. २०१० मध्ये संसदेनं पूर्ण पगारी २० आठवड्यांच्या बाजूनं मत दिलं. मंत्रिपरिषदेत तो मसुदा धूळ खात पडला आणि २०१५ मध्ये आयोगानं मागे घेतला. लोकांनी निवडून दिलेल्या संसदेचं मत बंद खोलीतल्या मंत्र्यांनी असं जिरवलं. (आपल्या कायद्यात २०१७ पासून २६ आठवडे आहेत म्हणून छाती फुगवायला नको. पॅकहाऊसमधल्या किती बायकांना त्यातला एक आठवडा तरी मिळतो?)

शरीराचा प्रश्न आला की चित्र आणखी स्पष्ट होतं. आयर्लंडमध्ये गर्भपाताला घटनेनंच बंदी होती. ब्रिटनमधल्या दवाखान्यांची माहिती छापली म्हणून तिथल्या विद्यार्थी संघटनांवर खटला झाला. १९९१ मध्ये लक्झेंबर्गचं न्यायालय म्हणालं की गर्भपात ही कराराच्या अर्थानं 'सेवा' आहे. पण विद्यार्थ्यांचा त्या दवाखान्यांशी व्यापारी संबंध नाही, म्हणून त्यांना कराराचं संरक्षण नाही. म्हणजे दवाखान्यानं पैसे देऊन जाहिरात केली असती तर निदान कराराचा आधार मागता आला असता. मैत्रिणीनं मैत्रिणीला माहिती दिली तर तोही नाही! बाजाराच्या भाषेत हक्क मागायची किंमत यापेक्षा उघड कुठे दिसेल? पुढे आयरिश बायकांनी गावोगाव, घरोघर जाऊन २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतांनी ती बंदी उठवली. तो विजय त्यांचा स्वतःचा होता.

अलीकडची गोष्ट. ८ मार्च २०२२ ला आयोगानं स्त्रियांवरील हिंसेविरोधात निर्देशाचा मसुदा मांडला. त्यात बलात्काराची व्याख्या संमतीवर आधारलेली होती. फ्रान्स, जर्मनी आणि इतर काही देश म्हणाले, हा विषय संघाच्या अधिकारात बसत नाही. २०२४ मध्ये निर्देश मंजूर झाला, पण ते कलम गाळून. इंटरनेटवरचा छळ, सक्तीचं लग्न, मुलींच्या जननेंद्रियांची कापणी हे त्यात आहे, ते थोडं नाही. बलात्काराची व्याख्या तेवढी नाही. त्याच फ्रान्सनं २०२५ मध्ये स्वतःच्या कायद्यात संमतीचा मुद्दा घातला. त्यामागे तिथल्या बायकांचा रेटा होता.

आयोगाच्या अध्यक्षपदी २०१९ पासून एक स्त्री आहे, उर्सुला फॉन डेर लायन. १९७९ मध्ये थेट निवडून आलेल्या पहिल्या संसदेची अध्यक्षही स्त्रीच होती, सिमोन व्हेल. हे मोलाचं आहेच. पण अध्यक्षाच्या खुर्चीत बाई असली तरी मंत्रिपरिषदेचं दार आपोआप उघडत नाही. मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर बायका घेण्याचा निर्देशसुद्धा २०१२ ला मांडला तो २०२२ ला मंजूर झाला, दहा वर्षांनी.

आता पैशाची बाजू. देशाच्या अंदाजपत्रकातली तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या वर जाऊ नये, हा संघाचा नियम. त्यावर दरवर्षी काटेकोर देखरेख असते. २०१० नंतर ग्रीस कर्जात बुडाला तेव्हा आयोग, युरोपची मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी अटी घालायला बसले. २०१२ मध्ये तिथलं किमान वेतन २२ टक्क्यांनी कापलं गेलं. दवाखाने आणि सरकारी सेवा आक्रसल्या. सरकारनं सोडलेलं आजाऱ्याचं, म्हाताऱ्याचं, मुलांचं काम कोणाच्या पदरात पडलं हे सांगायला नको. स्त्री-पुरुषांच्या तासाच्या कमाईत संघभर आजही सुमारे १२ टक्के तफावत आहे. तुटीच्या ३ टक्क्यांसाठी जी घाई होते ती या १२ टक्क्यांसाठी झालेली मला तरी दिसली नाही. २०२३ मध्ये पगार उघड करण्याचा निर्देश आला. मालकाला पगारातली तफावत दाखवावी लागेल, ५ टक्क्यांच्या वर असून कारण देता आलं नाही तर कामगारांच्या प्रतिनिधींसोबत बसून तपासावी लागेल. चांगली गोष्ट आहे. रोम करारानंतर ६६ वर्षांनी आलेली.

मग निफाडच्या बाईला काय सांगायचं? एक तर हे, की तिचा प्रश्न बरोबर आहे आणि तो तिकडेही विचारला जातो आहे. २०२४ मध्ये संघानं एक निर्देश केला, की मोठ्या कंपन्यांनी माल जिथून येतो त्या साखळीत माणसांचे हक्क तुडवले जातात का, हे तपासावं. पण २०२५ मध्येच उद्योगांच्या तक्रारींवरून त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली आणि तो सौम्य करण्याच्या हालचाली सुरू झाल्या. औषधाच्या अंशाचा नियम असा सौम्य होत नाही, कारण ती द्राक्षं खाणाऱ्याच्या पोटात जातात. मजुरी फक्त तोडणाऱ्या बाईच्या पोटात जाते. भारत आणि संघ यांच्यात मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. मोटारी, दारू, औषधं यांच्या जकातीबद्दल पानंच्या पानं छापून आली. शेतमजूर बायकांच्या संघटनांना कोणी विचारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

दुसरं, आपला स्वतःचा प्रादेशिक संघ आहे, सार्क. १९८५ मध्ये ढाक्याला स्थापन झाला. त्याच्या सनदेनुसार सगळे निर्णय एकमतानं, आणि दोन देशांतल्या वादाचे विषय वर्ज्य. त्याला न्यायालय नाही, संसद नाही. २०१४ नंतर शिखर परिषदही झालेली नाही. १९९६ मध्ये मुंबईत पोलिसांनी वेश्यावस्तीतून शेकडो मुली बाहेर काढल्या. त्यांतल्या नेपाळी मुलींना परत घ्यायला त्यांच्याच सरकारनं टाळाटाळ केली. शेवटी नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्था त्यांना घेऊन गेल्या. त्यानंतर २००२ मध्ये सार्कनं स्त्रिया आणि मुलांच्या व्यापाराविरुद्ध करार केला, तो फक्त वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या व्यापारापुरता. घरकामाला, कारखान्यात नेऊन डांबलेली मुलगी त्यात बसत नाही. आणि करार मोडला तर कामाठीपुऱ्यातल्या नेपाळी मुलीनं कुठे जायचं? तिच्यासाठी लक्झेंबर्ग नाही.

म्हणून मला वाटतं, युरोपकडून घ्यायचा धडा 'त्यांच्याकडे कायदे चांगले आहेत' हा नव्हे. व्यापाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी लिहिलेलं कलमही बायकांच्या कामी येऊ शकतं, मात्र त्याला तीन गोष्टी लागतात. संपावर जाणाऱ्या बायका, त्यांच्या बाजूनं उभी राहणारी वकील, आणि एकट्या बाईचं ऐकून सरकारला बांधणारं न्यायालय. पहिल्या दोन आपल्याकडे आहेत. तिसऱ्याची मागणी आपण दक्षिण आशियाच्या पातळीवर कधी गांभीर्यानं केलेलीच नाही. आणि जे करार आज होत आहेत, त्यांचे मसुदे आपल्या गटांत वाचलेच जात नाहीत. व्यापार हा आपला विषय नाही असं आपणच धरून चाललो आहोत. एर्स्तालच्या बायकांनी तसं धरलं असतं तर कलम ११९ आजही कागदावर असतं.

पुढचा अभ्यासवर्ग याच विषयावर घ्यायचा आम्ही ठरवलं आहे. पेटीवरच्या नंबराचा प्रश्न विचारणाऱ्या मैत्रिणीनं एक काम सुरूही केलं आहे. पॅकहाऊसमधल्या आणि बागेतल्या कोणत्या कामाला बाईला किती, बाप्याला किती, याची ती वहीत नोंद करते आहे. तिच्यासोबत पेठ-सुरगाण्याकडून टोळीनं येणाऱ्या दोघी आहेत. कापूस, कांदा, मासळी, तयार कपडे, जिथून जिथून आपला माल परदेशी जातो, तिथल्या गटांनी अशा वह्या केल्या तर निर्यातीच्या पेटीमागची बाई निदान आपल्या नोंदीत तरी येईल. कोणाकडे असं काम आधी झालं असेल तर अनुभव जरूर लिहून पाठवा. माझ्या मतांशी वाद असेल तर तोही.